हवापालट

आमच्या आजोबांच्या काळात ‘हवापालट’ हा श्रीमंतांचा शब्द होता. मालगुजाराच्या घरी कुणाचा खोकला महिनाभर हटला नाही, की डॉक्टर हवापालट सुचवायचे आणि मंडळी पचमढीला निघायची. मध्य प्रांताचे सरकारच उन्हाळ्यात नागपुरातल्या फायली बांधून पचमढीला जात असे, तेव्हा मालगुजारांनी गेल्यात वावगे काही नव्हते. बाकीच्यांनी कडुनिंबाखाली खाट टाकायची आणि पालथे पडायचे, हीच त्यांची हवापालट.

आता पचमढीचा खर्च वाचला आहे. हवा आपणहून पालटून भंडाऱ्यात दाराशी येते. नोव्हेंबरात पाऊस, फेब्रुवारीत ऊन, आणि गारा तर पत्रिका न देता लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांसारख्या केव्हाही. सरकारनेही याची दखल घेतली. 2020 मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाच्या नावात भर पडली आणि तो ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ झाला. मी हे लाखनीकडच्या माझ्या मामाजींना मोठ्या कौतुकाने वाचून दाखवले. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारले, “मंजे हे खातं बदल करते, का थांबवते जी?”

मामाजींच्या ओसरीत एक कॅलेंडर टांगलेले आहे आणि खिशात एक मोबाइल आहे. कॅलेंडर सांगते, मृगाचे वाहन कोल्हा, आर्द्राचे मोर, पुढच्याचे बेडूक. मोबाइल सांगतो यलो, ऑरेंज, रेड. पूर्वी पावसाला जनावर लागायचे, आता रंग लागतो. मामाजींचा भरवसा अजून जनावरावर आहे. “बेंडूक तरी पान्यात रायते. रंग कोठी रायते?” असा त्यांचा रोकडा सवाल. पण माणूस व्यवहारी. कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, शेताच्या बांधीत पडून असतात, त्या दिवसांत ते मोबाइलही बघतात, कॅलेंडरही बघतात, आणि शेवटी पाळीवर जाऊन आभाळ बघतात. तिघांपैकी दोघांचे जमले तरच ताडपत्री निघते. हवामानशास्त्राला ही बहुमताची पद्धत कशी वाटेल, मला ठाऊक नाही. मला ती पटते.

कारण धान हे पीक हळवे. रोवणीला पाणी हवे, लोंबी भरताना हवे, आणि कापणीला थेंब नको. हलका धान दिवाळीच्या आसपास निघतो, मागून भारी धान. मग मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दंडार, खडी गंमत, नाटके. झाडीपट्टीचे सगळे सांस्कृतिक वेळापत्रक धानाने आखलेले आहे, कुठल्या अकादमीने नव्हे. त्यामुळे अवकाळी पाऊस आला की पिकाबरोबर पडदाही भिजतो. गेल्या मंडईत खडी गंमतीतल्या एकाने सासू येताना पाहून “रेड अलर्ट!” म्हणून पळ काढला, तेव्हा टाळ्यांनी मांडव हलला. पॅरिसला 2015 मध्ये जो हवामान करार झाला त्यातले ‘दीड अंश’ आमच्या गावात किती जणांना माहीत आहेत, ते विचारू नका. पण रेड अलर्ट सासूपर्यंत पोचला आहे.

राजकारणात मात्र हवामान फार आधी पोचले, आणि तेही थेट मतदान केंद्रात. नाना पटोले यांनी खासदारकीचा राजीनामा दिला म्हणून 28 मे 2018 रोजी भंडारा-गोंदियात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तारीख ज्याने काढली त्याने नवतपा पाहिला नसावा. 25 मेपासून पुढचे नऊ दिवस आमच्याकडे शहाणा माणूस दुपारी उंबरठा ओलांडत नाही. त्या दिवशी लोक रांगेत उभे राहिले आणि व्हीव्हीपॅट यंत्रांनी मान टाकली. उन्हामुळे बिघडली, असे सांगण्यात आले. विरोधक खवळले, वाहिन्यांवर दिवसभर कल्ला झाला, आणि 30 मे रोजी 49 केंद्रांवर फेरमतदान झाले. म्हणजे त्याच नवतप्यात पुन्हा! नव्वदीच्या आजीबाई डोक्यावर पदर घेऊन दुसऱ्यांदा हजर. 1954 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे होते, तेव्हा मतपेट्या होत्या. त्या तापल्या असतील, पण उन्हाचे निमित्त करून कामावरून उठल्या नसतील.

तेव्हापासून मी एक गोष्ट न्याहाळत आलो. ‘हवामान बदल’ हा फार सोयीचा आरोपी आहे. त्याला समन्स निघत नाही, त्याचा पक्ष नाही, त्याचा जावई ठेकेदार नाही. यंत्र बंद पडले, त्याच्यावर टाका. नाली तुंबली, त्याच्यावर टाका. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेने भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी भरले, तेव्हा खरा पाऊस वर मध्य प्रदेशात झाला होता आणि धरणांतून सोडलेले पाणी उतरत आले होते. खाली गोसेखुर्द धरणाचे 33 दरवाजे. आकाशाचा वाटा किती आणि दरवाजे उघडणाऱ्यांचा किती, यावर पारावर बरीच चर्चा झाली. पंचनामा मात्र घरांचा झाला, कारण आकाशाचा पंचनामा करायला तलाठ्याकडे रकाना नाही.

गोसेखुर्दचे निघाले म्हणून सांगतो. राजीव गांधींनी त्याचे भूमिपूजन केले 22 एप्रिल 1988 रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी. तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटी होता, पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवायची म्हणतात. ‘अमुकच्या आत’ या शब्दांकडे आम्ही लोक जरा सांभाळून बघतो, ते याचमुळे.

आणि तलाव. भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य. आमच्याकडच्या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. मी लहानपणी समजत होतो की ते माझ्या मामाचे. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, हे फार उशिरा कळले आणि थोडे वाईट वाटले. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला जमीन मिळे, आणि कोहळी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या ते बांधले. उताराचा अंदाज घेऊन मातीची पाळ, जास्तीच्या पाण्याला वाट, खालच्या बांध्यांना पाट, आणि एकाचे भरून सांडलेले दुसऱ्यात. पाऊस लहरी आहे, हे त्यांना कुठल्याही परिषदेवाचून कळले होते. आज यालाच ‘अनुकूलन’ म्हणतात आणि त्यावर हॉटेलात कार्यशाळा होते, जेवणासकट.

1951 मध्ये मालगुजारी गेली, ते बरेच झाले. पण तलावाचा मालक गेला आणि राखणदारही गेला. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधाऱ्याकडे, गाळ कुणाकडेच नाही. पोटात अतिक्रमण, काठाला बेशरम. हा टोमणा नाही. वनस्पतीचे नावच ते आहे. हवामानाच्या साऱ्या चर्चेत मला तेवढा एकच शब्द नेमका वाटतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांना सोबत घेऊन काही तलावांतली बेशरम उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासळी परत आणली. त्याची बातमी सासूपर्यंत पोचली नाही.

परवा मामाजींना मी जरा भीतभीतच सांगितले की धानाच्या बांधीत पाणी साचून राहिले की मातीला हवा मिळत नाही, तिथले सूक्ष्मजीव मिथेन सोडतात, आणि तोही पृथ्वी तापवतो.

सुपारी थांबली. “आमच्या बांधीतूनबी?”

“हो. म्हणून पाणी सतत ठेवू नये, मधूनमधून बांधी सुकू द्यावी म्हणतात.”

“नहराचं पानी तसंबी एक दिस येते, चार दिस नाई येत. मंजे आमी हे पयलेपासूनच करतो न जी.”

मी म्हटले, तसे सिद्ध झाले तर बाहेरच्या कंपन्या पैसेही देतात, त्याला कार्बन क्रेडिट म्हणतात. मामाजींनी अडकित्ता खाली ठेवला. धानाचा बोनस आधी क्विंटलमागे असायचा, मग हेक्टरी झाला. 2024-25 च्या हंगामाला हेक्टरी 20,000, तोही दोन हेक्टरपर्यंत. कुठला हिशेब कुणाला परवडतो, यावर त्यांनी आयुष्यात जेवढा अभ्यास केला आहे तेवढा कुठल्या अर्थतज्ज्ञाने केला नसेल. ते पुढे सरकले, आवाज खाली आणला.

“हेक्टरी देतीन, का क्विंटलमागं?”