भावोजींचा ग्रीस आणि आमचा सडा

भावोजी ग्रीसला जाऊन आले ही बातमी आम्हाला कळली यात नवल नाही. त्यानंतर त्यांनी दुसरी कुठलीच बातमी कळू दिली नाही, हे नवल. नाताळच्या सुट्टीत ताई आणि ते पुण्याहून आमच्याकडे रत्नागिरीला आले. पायऱ्या चढता चढता, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "तुमच्याकडे चढ फार हो. डेल्फीलाही असेच आहेत." मग चहाच्या कपात बघून म्हणाले, "तिकडे कॉफीचा गाळ असा तळाशी राहतो." गाळ आमच्या चहातही होता, पण त्याला इतिहास नव्हता.

भावोजींचं म्हणणं असं की, घोळक्याने हिंडतो तो टूरिस्ट आणि 'प्रायव्हेट डे ट्रिप' करतो तो प्रवासी. सकाळी हॉटेलच्या दारात काळी गाडी, ड्रायव्हर दार उघडून धरणार, अथेन्सपासून सुमारे १८० किलोमीटरवर डेल्फी, तिथले भग्नावशेष, मग पार्नासस डोंगराच्या उतारावरचं अराखोवा नावाचं गाव, तिथे तिथलंच खास चीज, आणि रात्री परत. यासाठी किती युरो मोजले ते भावोजींनी बैठकीच्या खोलीत सांगितलं. त्याचे रुपये किती झाले ते ताईने स्वयंपाकघरात सांगितलं, आवाज खाली आणून.

डेल्फी म्हणजे काय, हे आईला समजावून द्यायला भावोजी मांडी घालून बसले. अपोलोचं देऊळ, देवळात पिथिया नावाची पुजारीण, ती तिवईवर बसणार, तिच्या अंगात देव येणार आणि राजेरजवाडे तिला प्रश्न विचारणार.

"म्हणजे कौल लावतात," आई म्हणाली.

भावोजींना हे आवडलं नाही. ते म्हणाले, तसं नाही, तिथे फार मोठी पद्धत होती. पिथिया महिन्यातून एकच दिवस बसायची आणि थंडीचे तीन महिने अजिबात नाही, कारण त्या काळात देव गावाला गेलेला असे. शिवाय आधी एका बकरीवर गार पाणी शिंपडायचे. बकरी शहारली तर देव बोलायला राजी, नाही शहारली तर त्या दिवशी प्रश्नच नाही.

"आमच्या गुरवाचंही तेच," आई म्हणाली. "देवाला चिकटवलेली कळी पडली नाही की तो चहा पिऊन येतो आणि परत लावतो."

मग भावोजींनी ठेवणीतली गोष्ट काढली. लिडियाचा राजा क्रीसस. अफाट श्रीमंत. त्याने डेल्फीला विचारलं, इराणवर स्वारी करू का? उत्तर आलं, केलीस तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल. त्याने खुशीत स्वारी केली आणि नष्ट झालं ते त्याचंच साम्राज्य.

आईने क्षणभर विचार केला. "प्रश्न नीट घातला नाही मेल्याने. कोणाचं साम्राज्य, ते नको विचारायला? आपल्याकडे गाऱ्हाणं घालणारा कसं सगळं फोडून विचारतो. आमचं बुडणार असेल तर डावी दे, त्यांचं बुडणार असेल तर उजवी दे. देवाला पळवाट ठेवायचीच नाही."

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसपासून आजवर क्रीससच्या गोष्टीवर पुष्कळांनी भाष्य केलं आहे. आईइतकं नेमकं कोणी केलं असेल असं मला वाटत नाही.

त्याच रात्री मी ठरवलं की भावोजींना एक प्रायव्हेट डे ट्रिप आपणही घडवायची. अवशेष आणि डोंगरावरचं गाव, दोन्ही एका दिवसात. अवशेष कशेळीचे, गाव लांजा तालुक्यातलं माचाळ. ओळखीच्या एका गाडीवाल्याला फोन केला आणि ट्रिपचं स्वरूप समजावलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे स्पेशल गाडी पायजे. मग सरळ स्पेशल म्हणा ना काका."

सकाळी गाडी आली. दार उघडून धरायचा प्रश्न नव्हता, कारण ते आतून उघडतच नसे. ड्रायव्हरने खाली उतरून बाहेरून उघडलं, तेव्हा भावोजी म्हणाले, "वा! अगदी तिकडच्यासारखं."

परदेशी पाहुण्यांचा रत्नागिरीला तसा अनुभव कमी. इथे मुक्काम ठोकून राहिलेला सर्वांत मोठा परदेशी माणूस म्हणजे ब्रह्मदेशाचा थिबा राजा, आणि त्याला इंग्रजांनी आणून ठेवला होता. १९१० साली त्याचा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. स्वखुशीने येणाऱ्यांसाठी सोयी करायची सवय गावाला त्यामुळेच लागली नसावी, असं आपलं माझं मत.

भाट्याचा पूल, पावस, मग पूर्णगड. पूर्णगडच्या खाडीवरून जाताना मी भावोजींना सांगितलं की ही मुचकुंदी नदी, इथे समुद्राला मिळते, हिला नीट बघून ठेवा. ते समुद्राकडे बघत होते. म्हणाले, याच किनाऱ्याने ग्रीक जहाजं गेली. हे मात्र त्यांचं खरं. पहिल्या शतकात कोण्या अनाम व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये या किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं आहेत. त्यातलं मेलिझिगारा म्हणजे जयगड असं काही विद्वान म्हणतात, काहींचा कौल राजापूरला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक माणूस आमच्या दारावरून गेला, त्याने नाव टिपून घेतलं आणि तेही असं टिपलं की आम्ही अजून भांडतो आहोत.

कशेळीला पोचल्यावर रस्त्यालगत बसलेल्या एका गृहस्थांना विचारलं, "कातळशिल्प कुठे आलं?"

"ते चित्र होय? काय नाय तिथे. कातळ हाय नुसता."

कोकणात ही वाक्यरचना ज्याला कळली त्याने निम्मं कोकण पाहिलं. आपल्या दारातली गोष्ट चांगली आहे असं कबूल करणं हा इथे असभ्यपणा समजतात. बागेत हापूस लगडलेला असला तरी मालक म्हणतो, यंदा काय नाय. डेल्फीत सहा खांब उभे आहेत आणि तेही पडलेले दगड रचून परत उभे केलेले. पण त्या सहा खांबांवर तिथल्या गाइडने भावोजींना अख्खं देऊळ, छप्पर, सोन्याची दानं, सगळं उभं करून दाखवलं. आमच्या गृहस्थांनी कातळात कोरलेला अख्खा हत्ती 'काय नाय'मध्ये बसवला. आपल्याला मुळीच वेळ नाही असंही ते म्हणाले. मग उठले, गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि दुपारपर्यंत आमच्याबरोबर राहिले.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पसरट पठार. वर झाड नाही, खाली सावली नाही, पावसाळा गेला की वाळलेलं गवत आणि काळवंडलेला कातळ. भावोजी गाडीतून उतरून झपाट्याने पुढे गेले, चारी दिशांना बघितलं, टोपी सारखी केली आणि ओरडले, "कुठे आहे हत्ती?"

"साहेब, आधी हत्तीच्या पोटातून बाहेर या," गृहस्थ म्हणाले. "आणि येताना चपला हातात घ्या."

भावोजी बाहेर आले. तरी हत्ती दिसेना. हा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि तो जमिनीवर आडवा कोरलेला. बघणारा माणूस पाच-साडेपाच फुटांचा. ड्रोनमधून फोटो काढला की तो क्षणात दिसतो, पण कोरणाऱ्याकडे ड्रोन नव्हता, हा यातला खरा चमत्कार. गृहस्थांनी एक काठी घेतली आणि हवेत फिरवत सांगायला लागले: हा मागचा पाय, ही पाठ, इथून अशी सोंड. सोंडेपर्यंत आल्यावर ताई एकदम म्हणाली, "अगंबाई, केवढा आहे!" भावोजींना आणखी थोडा वेळ लागला. दिसल्यावर मात्र ते एकदम गप्प झाले. पुण्याहून आल्यापासून हे प्रथमच घडत होतं.

मी कडेला उकिडवा बसलो. कोरलेली रेघ माझ्यासमोर होती, दोन बोटं सहज मावतील एवढी. तिच्यात तांबडी माती, गवताच्या काड्या आणि बोराएवढ्या गोगलगाईचं रिकामं कवच. कडा मात्र पावसाने घासून गुळगुळीत झालेल्या. हत्तीच्या अंगातच आणखी कितीतरी जनावरं, पाखरं, जलचर कोरलेले. एवढं करायला किती माणसं लागली, त्यांना जेवण कोणी घातलं, आणि त्यांच्यातही कोणी 'काय नाय, नुसता कातळ' म्हणणारा होता का, हे त्या रेघेवरून कळत नाही.

"किती जुनं आहे?" भावोजींनी विचारलं.

गृहस्थ म्हणाले, म्हातारी माणसं पांडवांनी काढलं म्हणायची. अभ्यासक त्याहून मागे जातात. कोकणातल्या सड्यांवरची अशी काही चित्रं दहा हजार वर्षांपूर्वीची असावीत असा अंदाज आहे. चित्रांत शिकार आहे, जनावरं आहेत, शेती कुठे दिसत नाही. आणि आज कोकणात औषधालाही सापडणार नाही असा गेंडासुद्धा आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई ही मंडळी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून ही चित्रं शोधत, नोंदवत आली. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणं गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि फणसमाळ गोव्यातलं. डेल्फी १९८७ सालीच पक्क्या यादीत गेलं. ते आमच्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान असून.

"तिकीट कुठे काढायचं?" भावोजी म्हणाले.

"कसलं?"

इथे भावोजी खरंच अडखळले. तिकीट नाही, दोरी नाही, शिट्टी मारणारा रखवालदार नाही, बाहेर पडताना हत्तीचा फ्रिजला चिकटवायचा मॅग्नेट नाही. मग त्यांनी गृहस्थांना सांगितलं की डेल्फीच्या अवशेषांवर कास्त्री नावाचं अख्खं गाव वसलेलं होतं. १८९२ साली फ्रेंचांनी खोदायला घेतलं तेव्हा ते गाव उचलून बाजूला नेऊन वसवलं.

"आमच्याकडे नाय जमायचं," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "सातबाऱ्यावर बावीस नावं हायत. सामाईक. त्यातली अर्धी मुंबईला, दोन वारलेली, एकाचा पत्ता नाय. फ्रेंच सह्या कोणाच्या घेणार?"

सामाईक सातबाऱ्याने कोकणाचं वाटोळं केलं असं सगळे म्हणतात. पण कातळाखालचा जांभा विकायचा झाला तर हाच सातबारा आडवा येतो आणि सही न मिळाल्यामुळे एखादा हत्ती चिरेखाणीतून वाचतो, हे कोणी लिहून ठेवत नाही.

जेवण राजापुरात. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही, सोलकढी सोडून, आणि सोलकढीबद्दल कोकणातल्या माणसाने बोलायला लागावं असं मला वाटत नाही, कारण मग थांबता येत नाही. डेल्फीला यात्रेकरू कास्तालियाच्या झऱ्यावर शुद्ध होऊन मगच वर जात, असं भावोजी म्हणाले. राजापूरला गंगा आहे. ती साधारण दर तीन वर्षांनी येते असं म्हणतात, पण येण्याची आणि जाण्याची तारीख स्वतःच ठरवते. त्या दिवशी ती नव्हती. आम्ही तसेच, अशुद्ध, लांज्याकडे निघालो.

लांज्याहून प्रभानवल्ली, खोरनिनकोचं धरण आणि पुढे नुसता चढ. काही वर्षांपूर्वीपर्यंत माचाळला गाडी जात नव्हती. आजारी माणसाला डोलीत घालून खाली आणावं लागे. आता रस्ता आहे. तो रस्ता आमच्या गाडीने तीन वेळा थांबून, बॉनेट उघडून, पाणी पिऊन पार केला. वर पोचलो तर धुकं, झोंबणारा वारा आणि समोर दरीपलीकडे विशाळगड. रत्नागिरीत घामाघूम होणारा माणूस त्याच जिल्ह्यात स्वेटर शोधतो, हे भावोजींना खरं वाटेना. मातीच्या भिंतींचं एक घर होतं. तिथल्या आजींनी ओळखपाळख न विचारता कोरा चहा दिला आणि मागोमाग नाचणीची भाकरी. अराखोवाच्या चीजचा उल्लेख होणार या बेताने मी भावोजींकडे बघत होतो. त्यांनी दुसरी भाकरी मागितली.

"सकाळी पाहिलीत ना ती मुचकुंदी?" मी म्हणालो. "तिचा उगम इथला. आणि मुचकुंद ऋषींची गुहाही इथेच."

गोष्ट आजींनी सांगितली. देवांच्या बाजूने लढून लढून मुचकुंद राजा दमला. देव म्हणाले, वर माग. तो म्हणाला, झोप द्या. जो मला उठवील तो जळून जावा. तो गुहेत झोपला. पुढे कृष्णाच्या मागे कालयवन लागला. कृष्ण पळत पळत त्याच गुहेत शिरला, मागून कालयवन आला, झोपलेला माणूस हाच कृष्ण समजून त्याने लाथ घातली. मुचकुंदाने डोळे उघडले आणि कालयवनाची राख झाली.

"कालयवन!" भावोजी ताडकन उठले. यवन म्हणजे मुळात ग्रीक, कार्ल्याच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, म्हणजे हा तर...

"म्हणजे तुमचा एक ग्रीक इतक्या लांब आमच्याकडे आला," ताई म्हणाली, "आणि आल्या आल्या झोपलेल्या माणसाला लाथ मारली."

राजस्थानात धौलपूरलाही मुचकुंदाचं तीर्थ आहे आणि तिथले लोक ही गोष्ट आपलीच म्हणतात. म्हणोत. पण जेवून झोपलेल्या माणसाला उठवणाऱ्याची राख होते, हा न्याय कोकणाबाहेर कोणाला सुचेल हे मला पटत नाही. आजींचाही त्या यवनाबद्दल अभिप्राय स्पष्ट होता. "कोण नि कुठला, विचारावं तरी आधी," त्या म्हणाल्या आणि भावोजींच्या कपात आणखी चहा ओतला.

भाडं चुकतं करताना ड्रायव्हरने थांबण्याचे वेगळे पैसे लावले. बॉनेट उघडून थांबण्याचेही.

सध्या भावोजी पुण्यात लोकांना कशेळी सांगतात आणि रत्नागिरीला येणाऱ्या प्रत्येकाला माझा नंबर देतात. म्हणून इथेच सांगून टाकतो. पावसाळ्यात गवतात रेघा दिसत नाहीत आणि मे महिन्यात सड्यावर पाय ठेववत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत या. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर सड्यावर जा, तिरप्या उन्हात रेघेत सावली पडते आणि चित्र आपोआप वर येतं. चपला काढा, चित्रावर पाय देऊ नका, रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रंग भरू नका. गावातल्याच कोणाला तरी बरोबर घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. तो नको म्हणेल, तरी द्या. माचाळला गेलात तर दुपारी दोन ते चार कोणाचं दार वाजवू नका.