‘फक्त एकच मिनिट’ मागणाऱ्या पार्टीस



पत्र लिहिण्यास कारण की, तुमचा फोन लागत नाही. एरवी तुमचाच फोन आम्हाला लागत असतो, त्यामुळे हे वाचून तुम्हाला नवल वाटेल.

मी अंबरनाथ पूर्वेला एका छोट्या सीएच्या ऑफिसात फोन उचलते. पगारपत्रकावर माझं पद ‘अकाउंटंट’ आहे. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातले जीन्सवाले, आनंदनगर एमआयडीसीतले सुपरवायझर आणि बदलापूरहून रोज लोकलला लटकून मुंबई गाठणारे तुमच्यासारखे नोकरदार, असे सगळे आमच्या एकाच लँडलाइनवर गुण्यागोविंदाने नांदतात. प्रत्येकाला फक्त एकच मिनिट हवं असतं.

यंदा तुमचं पहिलं मिनिट 1 फेब्रुवारी 2025ला सुरू झालं. बजेटमध्ये 12 लाखांपर्यंत कर नाही म्हटल्यावर त्याच दुपारी तुम्ही फोन केलात : “म्हणजे आता रिटर्नची कटकट नाही ना?” ती सवलत 1 एप्रिल 2025 नंतरच्या कमाईला, आपण भरणार ते आधीच्या वर्षाचं, आणि त्याला नव्या पद्धतीत मर्यादा 7 लाखांची. हे मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा तुम्ही मेव्हण्यांना लाइनवर घेतलंत. त्यांच्या सीएने म्हणे करून दिलं होतं. त्या सीएचा नंबर मागितला, तर लाइन कट झाली.

मग कागद आले, म्हणजे व्हॉट्सॲपवर फोटो आले. फॉर्म 16चं पहिलं पान आडवं, दुसऱ्यावर तुमचा अंगठा, तिसऱ्याच्या कोपऱ्यात पोह्यांची बशी. आमचा शिकाऊ पोरगा मान वाकडी करून आकडे वाचत होता. शेवटी त्याने बशीच्या बाजूचा टीडीएस अंदाजाने वाचला आणि आयकर खात्याच्या 26एएसशी ताडून पाहिला. बँक स्टेटमेंटची पीडीएफ मात्र अगदी स्वच्छ होती. तिला पासवर्ड होता. तो तुम्ही पाठवला नाहीत.

“पगाराशिवाय एक रुपया नाही हो मॅडम,” हे तुम्ही देवाची शपथ घेऊन सांगितलंत. तुमचं आणि देवाचं काय ते तुम्ही बघा, पण बँका, म्युच्युअल फंड, शेअर बाजार सगळे आपापली माहिती आयकर खात्याला कळवतात आणि ती एआयएस नावाच्या वार्षिक माहितीपत्रकात उतरते. तुमच्या एआयएसमध्ये मुदतठेवीचं व्याज निघालं, तीन कंपन्यांचा लाभांश निघाला, आणि वहिनींना ठाऊक नसलेली शेअरची खरेदी-विक्री निघाली. घाबरू नका. वहिनींचा फोन आला होता; मी ‘सीए सर मीटिंगमध्ये आहेत’ म्हटलं.

रिटर्न भरायची 31 जुलैची मुदत सरकारने मे महिन्यातच 15 सप्टेंबर केली. तुम्हाला 46 दिवस बक्षीस. पहिले काही ‘अजून वेळ आहे’ म्हणण्यात गेले, मग गणपती आले, 6 सप्टेंबरला गेले, आणि लगेच पक्ष बसला. “पक्षात नवं काम नको, घटस्थापनेला करू,” तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, हे नवं काम नाही, गेल्या वर्षाचंच श्राद्ध आहे. घटस्थापना होती 22ला. उशिराचा भुर्दंड 5,000 रुपये, उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर 1,000. आकडा ऐकून तुम्ही पितरांची समजूत काढलीत.

15 तारखेचा सोमवार मला अजून आठवतो. संध्याकाळी सव्वासातला सगळं तयार, आणि आयकर पोर्टलचा तुमचा पासवर्ड चालेना. तो मेव्हण्यांनी बदलला होता, कोणता ठेवला ते त्यांना आठवत नव्हतं. नवा घ्यायचा तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जाणार. अकरा वेळा फोन केला. आठ वेळा तुम्ही लोकलमध्ये होतात. नवव्या वेळी ‘हॅलो, हॅलो, हां, बोला’ एवढं झालं. दहाव्या वेळी कळलं की आधारला जोडलेला नंबर तुमचा नाहीच, पुण्यातल्या चिरंजीवांचा आहे. अकराव्या वेळी त्यांना लावला. मी ‘एक ओटीपी येईल’ म्हणताच त्यांनी मला चोर ठरवून ब्लॉक केलं. मुलाला वळण चांगलं लावलंयत, यात शंका नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास मुदत एक दिवसाने वाढल्याची बातमी आली. पोर्टल बारा ते अडीच देखभालीसाठी बंद राहणार होतं, म्हणून सर खुर्चीतच लवंडले. बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तुम्हीच. “बघा मॅडम, मी म्हटलं नव्हतं, वाढेल?”

16ला चिरंजीवांनी तुमच्या सांगण्यावरून ओटीपी दिला, रिटर्न गेलं. आनंदाच्या भरात पडताळणीच्या दुसऱ्या ओटीपीसाठी न थांबता तुम्ही फोन ठेवलात. 17ला सकाळी पुन्हा फोन : “रिफंड कधी येणार?” मी पडताळणीचं सांगायला तोंड उघडलं, तोवर कल्याण आलं आणि तुम्ही उतरलात. तेव्हापासून फोन बंद.

पडताळणीला 30 दिवस असतात. ते उलटले तर पडताळणीचा दिवस हाच रिटर्न भरल्याचा दिवस धरतात, आणि चुकवलेले 5,000 पुन्हा दारात. म्हणून हे पत्र. पोस्टमन तरी लोकलमध्ये नसावा.

चिरंजीवांना सांगून ठेवा, अंबरनाथहून एका बाईचा फोन येईल, ती चोर नाही. आणि मला अनब्लॉक करायला सांगा.

कळावे,
आपली,
लँडलाइनवाली मॅडम

ता. क. स्टेटमेंटचा पासवर्ड आम्हीच शोधला. वहिनींच्या नावापुढे 123. त्यांना सांगितलेलं नाही.