हा विषय कुठल्या डेस्कचा?

शेजारच्या बंगल्यातल्या माडाचा नारळ आमच्या पार्किंगमध्ये पडला आणि माझ्या गाडीची पुढची काच फुटली. आवाजाने जमलेल्या सगळ्यांनी आधी वर पाहिलं. चौथ्या मजल्यावरचे काका मात्र शांतपणे खाली आले, नारळाभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, "हा विषय कुठल्या डेस्कचा?"

काका दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात होते. राजदूत वगैरे नव्हेत. राजदूत ज्या फायलीवर सही करतात ती फाइल बांधणारे. असिस्टंट म्हणून चिकटले, अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झाले आणि कोथरूडला येताना अख्खा साउथ ब्लॉक सामानात बांधून घेऊन आले. त्यांच्या घरी वाण्याच्या यादीलाही वर कोपऱ्यात फाइल नंबर असतो.

तुमच्या-माझ्या नकाशात देश असतात, काकांच्या नकाशात टेबलं. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण एका डिव्हिजनला. बांगलादेश-म्यानमार दुसरीला. नेपाळ-भूतान नॉर्दर्नला. चीन आणि जपान ईस्ट एशियात, एकाच जॉइंट सेक्रेटरीच्या हाताखाली. "बाहेर एकमेकांकडे डोळे वटारून बघतील, आमच्याकडे एका कपाटात गुण्यागोविंदाने नांदायचे," हे काका जावयांचं कौतुक करावं तसं सांगतात. ही झाली देशवार वाटणी. तिला छेद देणारी विषयवार वाटणी वेगळी: संयुक्त राष्ट्रांतलं राजकारण यूएनपीकडे, अण्वस्त्रं आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा 'डिसा'कडे, दहशतवादाचा विषय आणखी तिसरीकडे. मी एकदा विचारलं, शेजारच्या देशाने क्षेपणास्त्र उडवलं तर ते कोणाचं? काका खुलले. "कोणी उडवलं हे एक टेबल बघणार, काय उडवलं हे दुसरं. दोघांची नोटिंगं जुळली की फाइल वर."

"आणि तोवर क्षेपणास्त्र?"

"ते संरक्षण खात्याचं."

२०१९ साली मंत्रालयात इंडो-पॅसिफिक नावाची नवी डिव्हिजन निघाली तेव्हा काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आठवडाभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. "दोन महासागर एका टेबलावर! जुन्या फायली कोण वाटून घेणार?"

मला ही सगळी निव्वळ कारकुनी वाटायची. मग एकदा बिल्डरचा माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये छातीठोकपणे म्हणाला, मागच्या गेटचं असं काही ठरलंच नव्हतं. काका घरी गेले आणि बारा वर्षांपूर्वीचा कागद घेऊन आले. कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, कोणी 'बघतो' म्हणताना मान डोलावली, सगळं त्यात होतं. बिल्डरचा माणूस चहा न घेता गेला. मंत्री बदलतात, साहेब तीन वर्षांनी बाडबिस्तरा उचलून कुठल्या तरी वकिलातीत जातात. समोरच्याने मागे काय शब्द दिला होता तो टेबलालाच आठवतो. असो. माझी काच मात्र फुटलेलीच होती.

"झाड बंगल्याचं, म्हणजे विषय द्विपक्षीय," काका म्हणाले. "पण वस्तू वरून आली आणि नुकसान झालं. म्हणजे डिसाचंही मत घ्यावं लागेल."

"काका, मी बंगल्यातल्या आजींना जाऊन सांगतो ना, माडावर माणूस चढवा म्हणून."

"तोंडी?" काकांचा चेहरा मी बूट घालून त्यांच्या देवघरात गेल्यासारखा झाला. "नोट व्हर्बाल द्यायची."

"व्हर्बाल म्हणजे तोंडीच ना?"

"नाव तोंडी. असते लेखीच."

रात्री मसुदा आला. 'सोसायटी बंगल्यास आपले सादर अभिवादन कळवते आणि निदर्शनास आणू इच्छिते की...' अशी सुरुवात, मध्ये नारळ, आणि शेवटी 'या संधीचा लाभ घेऊन सोसायटी बंगल्याप्रति आपला परमोच्च आदर पुनश्च व्यक्त करते.' मी, तुम्ही असं कोणी नाहीच. सगळा मजकूर तृतीय पुरुषी. खाली पूर्ण सही नाही, नुसती आद्याक्षरं आणि सोसायटीचा शिक्का. "कितीही कडक तक्रार असू दे, पहिलं आणि शेवटचं वाक्य हेच," काका म्हणाले. "आणि सांगायचं असून सांगितलं असं दिसू द्यायचं नसेल, तर नॉन-पेपर. लेटरहेड नाही, सही नाही, कोणाचं नाव नाही. दिला कोणी, हे दोघांनाही ठाऊक. कागदाला ठाऊक नाही."

वॉचमनच्या हाती नोट गेली. पंधरा दिवस उत्तर नाही. दरम्यान दुसरा नारळ पडला, तो सुदैवाने जोशांच्या बंद स्कूटरवर. काकांनी चेअरमनना सुचवलं की आता बंगल्याला पाचारण करून नापसंती कळवावी. बंगला म्हणजे ब्याऐंशी वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या आजी. चेअरमन म्हणाले, काका, त्या माझ्या शाळेतल्या बाई आहेत, मी नाही पाचारण करणार.

सोमवारी आजींची मोलकरीण डबा घेऊन आली. आत ओल्या नारळाच्या वड्या, आणि तूप लागू नये म्हणून झाकणाखाली घातलेला कागद. काकांनी तो ओळखला. त्यांचीच नोट. ते क्षणभर पांढरे पडले. मग त्यांनी कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने, वाकड्या अक्षरात: 'साखर एक किलो. वेलदोडे. माडाला माणूस मंगळवारी.'

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. कागदाचे चारही कोपरे तपासले. लेटरहेड नाही, सही नाही, तारीख नाही, कोणाचं नाव नाही.

"नॉन-पेपर!" ते कुजबुजले. "बाईंनी नॉन-पेपर दिलाय!"

त्यांनी त्यावरचं तूप टिपकागदाने टिपलं, कोपऱ्यात पंचने भोक पाडलं, हिरव्या दोऱ्याच्या टॅगने तो फायलीत ओवला आणि फाइल माझ्या हातात दिली. "यावर चेअरमनचं 'पाहिलं' घेऊन या. आणि वडी घ्या."

मी माझ्या काचेचं विचारलं.

"तुमची वेगळी फाइल आहे," काका म्हणाले.