सहकुटुंब सहपरिवार वसुली

शाळांना सुट्टी लागली की मराठी मध्यमवर्गीय घरांत वसुली पथकं तयार होतात. वडील पथकप्रमुख, आई खजिनदार, आजी रसद विभाग आणि आजोबा पंच. ज्यांच्या नावाने मोहीम निघते ती दोन मुलं, थोरला सहा वर्षांचा आणि धाकटी तीन, पथकात धरली जात नाहीत. पंचनाम्यात ती मुद्देमालाच्या रकान्यात जातात. मोहिमेचं घरगुती नाव 'थीम पार्कची ट्रिप'. उद्दिष्ट एकच: सकाळी भरलेले पैसे संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत राइडच्या रूपात वसूल करणे. मजा आलीच, तर ती वरची मिळकत.

हा आपल्या चिकटपणाचा दोष, असं कोणी म्हणेल. साफ चूक. दोष अमेरिकेचा. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन लेकींना मेरी-गो-राउंडवर बसवायचे आणि स्वतः बाकावर बसून शेंगदाणे खायचे. मुलांबरोबर आईबापांनाही काही करता येईल अशी जागा हवी, हे त्यांच्या त्या बाकावर बसून मनात आलं, असं ते स्वतःच सांगत. समस्त बापजातीचं सुख त्या बाकावर शेंगदाणे खात बसलं होतं; एका उद्योगी माणसाने ते उठवलं. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नीलँड उघडलं. प्लंबरांचा संप झालेला, त्यामुळे उद्घाटनापर्यंत पिण्याचे नळ आणि संडास दोन्ही होणार नव्हते. डिस्नेंनी संडास आधी पुरे करून घेतले. लहान मुलं घेऊन हिंडलेल्या माणसाचा हा निर्णय. त्यावर चर्चा नको.

तिथवर ठीक होतं. प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे. कूपनांची पुस्तकं मिळायची, साध्या राइडला 'ए'चं कूपन, भारी राइडला 'ई'चं. कूपनं संपली की बाप हात झटकून "संपलं, चला घरी" म्हणू शकत होता. १९८२ मध्ये डिस्नीलँडने कूपनं बंद केली. एकच तिकीट, हवं तितकं फिरा. इथे घात झाला. अनलिमिटेड थाळीपुढे बसलेला माणूस भूक किती आहे ते बघत नाही, बासुंदीच्या वाट्या किती झाल्या ते मोजतो. तोच माणूस आता दोन मुलं आणि एक स्ट्रोलर घेऊन पार्कात शिरला.

आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं. खाडी ओलांडून बोटीने तिथे गेलेली पोरं आज आईबाप झाली आहेत आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ उघडलेल्या इमॅजिकाच्या वाटेवर खालापूरच्या टोलनाक्याला "अजून किती लांब?" या प्रश्नाचं उत्तर देत बसलेली असतात. सरकारचाही या सोहळ्यात वाटा आहे. जानेवारी २०१८ मध्ये जीएसटी परिषदेने थीम पार्कच्या तिकिटावरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणला. त्याच ओळीत वॉटर पार्क, मेरी-गो-राउंड, गो-कार्टिंग आणि बॅले नृत्य हेही होतं. धाकटी मेरी-गो-राउंडवर उलटी करते तेव्हा ती कराच्या दृष्टीने बॅलेच्या पंक्तीला बसलेली असते, एवढा अभिमान पालकांनी जरूर बाळगावा.

मोहिमेचा पहिला प्रसंग तिकीट खिडकीवर घडतो. एसटीत अर्ध्या तिकिटासाठी वय विचारतात आणि वय हा विषय पिढ्यान्‌पिढ्या आईच्या तोंडी असतो. "पाच पूर्ण नाहीत हो" या वाक्यावर अर्धा महाराष्ट्र फुकट फिरला. आपल्याकडच्या पार्कांनी यातून धडा घेतला आणि बहुतेक ठिकाणी मुलांचं तिकीट उंचीवर ठेवलं. भिंतीवर पट्टी आहे, बोला. पण आई हार मानत नाही.

"बाळा, चप्पल काढ. जरा सैल उभा राहा. गुडघे दुखतायत ना तुझे?"

"नाही दुखत."

"दुखतायत!"

गुडघे दुखून तिकीट वाचतं. पुढे तासाभराने हेच बाळ मोठ्या राइडच्या तोंडाशी दुसऱ्या पट्टीपुढे उभं असतं. इथे ठरावीक उंचीखालच्यांना प्रवेश नाही. आता वडील कानात कुजबुजतात, "टाचा वर कर. मान ताठ. श्वास घे." पोरगं बिचारं गोंधळतं. एकाच दिवशी, आधी आईने त्याला खुजा केलेला असतो आणि मग बापाने उंच. पुढे कधी त्याला उत्पन्नाचा दाखला एका कचेरीत कमी आणि गृहकर्जासाठी बँकेत जास्त दाखवावा लागेल. त्याचं प्रशिक्षण इथे झालं म्हणायचं.

दुसरा प्रसंग बॅग तपासणीचा. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ नयेत. ही पाटी आजीने वाचलेली असते, पण ती इतरांसाठी आहे अशी तिची समजूत असते. पहाटे चारला उठून केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या धाकटीच्या डायपरखाली, चिवडा छत्रीच्या घडीत आणि चकल्या आजोबांच्या औषधांच्या पिशवीत. सुरक्षारक्षक तरुण असतो, पण त्यालाही आजी असते, त्यामुळे तो थेट डायपरलाच हात घालतो. पुऱ्या टेबलावर येतात. "अहो, बाळाचं खाणं आहे," आजी म्हणते. तो पुरीकडे बघतो, मग बाळाकडे. बाळ एक आहे आणि पुऱ्या वीस. शेवटी आजी गेटबाहेर उभं राहून तेवढ्या पुऱ्या सगळ्यांना सक्तीने खायला घालते. कुटुंब भरल्या पोटाने आत शिरतं आणि पहिली राइड गरगर फिरणारी निघते.

यानंतर रांग. रांगेचं शास्त्र आहे. डेव्हिड मायस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये लिहून ठेवलं की रिकामं उभं राहणं लांब वाटतं, काही करायला असलं की तेच थोडकं वाटतं. आणि किती थांबायचं हे माहीत नसलं की ते आणखीच लांबतं. म्हणून पार्कातली रांग नागमोडी असते, शेवट दिसू देत नाही. मध्येच गुहा, मध्येच पडद्यावर नाचणारा राक्षस. करमणुकीची वाट बघताना करमणूक. मराठी कुटुंबाला याची गरज नसते. सू लागणे, तहान लागणे, "दादाने चिमटा काढला" आणि परत सू लागणे, एवढ्यावर पाऊण तास आरामात भरतो. धाकटीला सू लागते ती नेहमी वळणाच्या अगदी मधोमध, जिथून मागेही जाता येत नाही आणि पुढेही. तेव्हा डिस्नेंच्या त्या निर्णयाची किंमत कळते.

शेजारून एक कुटुंब चालत थेट आत जातं. त्यांच्या मनगटावर वेगळ्या रंगाचा पट्टा. जादा पैसे भरा, रांग टाळा. डिस्नेच्या पार्कांनी १९९९ मध्ये रांग चुकवायचा पास काढला तो फुकट होता. २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे घेऊन रांग चुकवायची सोय आली. आता ती चाल जगभर आहे. म्हणजे एकदा राइडचे पैसे, आणि पुन्हा राइडपर्यंत पोचायचे पैसे. खजिनदार पथकप्रमुखाकडे बघते, पथकप्रमुख छताच्या पंख्याकडे. आजोबा एवढंच म्हणतात, "तिरुपतीला निदान लाडू देतात."

दुपारी दोनला हिशेब तपासायचा. आजोबांनी ज्येष्ठांच्या सवलतीच्या तिकिटावर एक बाक आणि दोन चहा वसूल केले आहेत. थोरल्याने छोट्या आगगाडीत सलग तीन फेऱ्या केल्या, आणि आता त्याला पुन्हा तीच हवी आहे. वडिलांना हे मंजूर नाही. आगगाडी एखाद्या बागेतही दिसते, इथे भूतमहाल बघायचा. पोरगं दारातच रडू लागतं. अशा वेळी वडिलांच्या तोंडून जे वाक्य निघतं, ते मानसोपचारतज्ज्ञांनी नोंदवून ठेवावं: "घाबरायचं नाही, पैसे भरलेत!"

आणि आई? तिचं तिकीट पूर्ण दराचं. तिच्या नावावर राइड: शून्य. तिच्या खांद्यावर झोपलेली धाकटी, कोपरात अडकवलेल्या चार पिशव्या, हातात सगळ्यांचे चष्मे आणि मोबाइल. "तुम्ही जाऊन या, मी इथे आहे," हे ती इतक्यांदा म्हणते की संध्याकाळी घशाला कोरड पडते. सहकारी बँकेच्या भाषेत हे खातं सकाळी अकरालाच बुडीत गेलेलं असतं. पथकातल्या कोणीही त्याची वसुली लावून धरत नाही. खजिनदार स्वतःच्या थकबाकीवर नोटीस काढत नसते.

भरपाई म्हणून वडील सर्वांत मोठ्या रोलर कोस्टरवर एकटेच चढतात. वय चाळीस, पाठीचा एक मणका रजेवर, पोटात पुऱ्या. कोणाला हौस नसते, खुद्द त्यांनाही नसते. पण कुटुंबाचं येणं कोणीतरी वसूल करायला हवं. दोन मिनिटांत ते खाली येतात. रंग पांढरा. बाहेर पडायची वाट दुकानातूनच असते आणि दुकानाच्या आधी भिंतीवर उतारावर टिपलेला त्यांचा फोटो असतो: डोळे मिटलेले, तोंड उघडं, चेहऱ्यावर देणेकऱ्याचे भाव. तो फोटोही विकत घ्यायचा असतो. शिवाय थोरल्याला दिवे लागणारी तलवार हवी असते. अशीच तलवार गावच्या जत्रेत मिळते, फक्त तिथे ती घेताना आई भाव करते. इथे बारकोडपुढे तिचा आवाज फुटत नाही.

रात्री सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी भेटतात. त्यांनाही लहान मुलं आहेत. ते विचारतात, "काय, कसं काय झालं?"

लिफ्टमध्ये क्षणभर शांतता. थोरला तोंड उघडणार तोच आई त्याच्या तोंडात चकली घालते. आजोबा मजल्यांचे आकडे वाचू लागतात. आणि पथकप्रमुख, ज्याचं कंबरडं अजून दुसऱ्या उतारावरच आहे, छाती पुढे काढून म्हणतो, "अहो, एकदम पैसे वसूल! तुम्ही जायलाच हवं."

बुडालेली पतसंस्था नवे सभासद मिळेपर्यंत बुडालेली नसते. शेजारी पुढच्या शनिवारची तिकिटं काढतात.