एवढं कोणाकडे असतंय!

अहो, ऐकलंत का? ते कपडे राहू द्या बादलीत, इकडे या जरा कुंपणाजवळ. त्या लिनक्सच्या मेमइन्फोचं कळलं का तुम्हाला? त्यातली ती कमिटेड-एएसची ओळ हो, सगळ्या प्रोसेसना मिळून किती मेमरी कबूल केली आहे त्याची बेरीज सांगते ती. गोष्ट 2009 ची, म्हणजे तशी शिळीच, पण सुनेनं काल जेवताना काढली आणि ह्यांचा घास हातातच राहिला. भरपूर सीपीयू धरून बांधलेल्या लिनक्स कर्नलवर ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, तर म्हणे एकदा साधा सरळ आकडा यायचा आणि पुढच्याच क्षणी 184467 नं सुरू होणारा वीस अंकी! तोही केबीमध्ये हं.

ह्यांनी विचारलं, "मग खरा आकडा काय होता?" सून शांतपणे म्हणाली, "बाबा, शून्याच्या खाली." झालं! ह्यांचा चेहरा असा काही पडला… आयुष्यभर बँकेत लेजर जुळवलेला माणूस. उणे मेमरी कोणाला कशी कबूल करतात, हेच त्यांना उमगेना.

तर काय सांगत होते… हां. प्रत्येक सीपीयू आपलं आपलं टिपण ठेवायचा आणि ठरावीक पानं साठली की मगच ती मोठ्या बेरजेत टाकायचा. किती साठू द्यायची, ते कर्नल जास्तीत जास्त किती सीपीयूंसाठी बांधलंय त्यावर ठरायचं. दोन-चार असताना कोणाला काय पत्ता लागतोय? पण ती संख्या हजारावर गेली आणि सगळ्यांची टिपणं यायच्या आत मोठी बेरीज उणे दिसायला लागली. छापणाऱ्या कोडला तर उणे हा प्रकारच ठाऊक नाही, अनसाइन्ड ना ते! स्कूटरचं मीटर शून्यावरून एक घर मागं फिरवलं तर कसं 99999 दाखवेल, तसं झालं. डेव्ह हॅन्सननं तक्रार केली, कोसाकी मोतोहिरोनं दुरुस्त केलं. आता उणे आलं की सरळ शून्य दाखवतात. मी म्हटलं, "म्हणजे ते तरी खरं आहे का गं?" त्यावर सून नुसती हसली.

आणि विंडोजवाले काय सोवळे आहेत होय? मशीनमध्ये किती मेमरी आहे ते सांगणारं ते ग्लोबल-मेमरी-स्टेटस आठवतंय ना? मशीनमध्ये 4 जीबीच्या वर मेमरी असली की ते उणे एक सांगू शकतं! आणि इंटेलच्या 32 बिटांच्या मशीनवर 2 ते 4 च्या मधे कितीही असू दे, उत्तर 2 जीबीच. मायक्रोसॉफ्टनंच लिहून ठेवलंय हो, मी पदरचं सांगत नाही. मग केलं काय? नावाला ईएक्सचं शेपूट लावून नवं काढलं. ग्लिबसीवाल्यांनी तेच. प्रोग्रॅमनं किती मेमरी घेतली ते सांगणारं त्यांचं मॅलइन्फो सगळे आकडे इंटमध्ये द्यायचं, प्रोग्रॅमनं जास्त मेमरी घेतली की हिशेब फिरून भलतंच काहीतरी. 2021 मध्ये मॅलइन्फो2 आणलं, पण जुनं काढलं नाही. काढणार कसं? किती जणांचे प्रोग्रॅम त्याच्या जिवावर बसलेत.

तर मुद्दा कुठला… अहो, ह्या सगळ्यांनी मनातल्या मनात एकच वाक्य म्हटलेलं असतं बघा. "एवढं कोणाकडे असतंय!" टाइप निवडताना लिहिणाऱ्यानं आपल्या टेबलावरचं मशीन बघितलं, जगाची ऐपत ठरवली आणि इंट लिहून मोकळा झाला. ते वाक्य कुठे कागदावर नाही, कमेंटमध्येसुद्धा नाही. तो गेला, त्याची नोकरी गेली, मशीनही भंगारात गेलं, पण त्यानं काढलेली ऐपत तिथेच बसून आहे.

ह्या वाक्याची बहीण म्हणजे "एवढं कोण मागतंय!" आणि ती जास्त वाईट. ते लिनक्स बांधून वाटणारे डेबियनवाले, त्यांना विचारा! नोव्हेंबर 2003. तुम्हाला ठाऊकच आहे सगळं, पण तरी सांगते. 20 तारखेला मास्टर नावाच्या मशीनवर कर्नल ऊप्सवर ऊप्स यायला लागले. हार्डवेअर बिघडलं असेल म्हणायला जावं, तर मर्फीवरही तेच! दोन वेगळी मशीनं एकाच वेळी एकाच तऱ्हेनं आजारी पडतात होय कधी? तेवढ्यात एडनं, त्या फायलींवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमनं, ओरडायला सुरुवात केली की क्लेकर, मर्फी आणि ग्लक तिन्हीवर इनिटच बदललंय. इनिट! मशीन सुरू झाल्यावर पहिल्यांदा चालतं तेच. त्यात नेमकी 3.0 ची दुसरी दुरुस्त आवृत्ती बाहेर पडायची वेळ. काय तोंडं झाली असतील एकेकाची, तुम्हीच विचार करा. बरं, पॅकेजांचा मुख्य साठा तेवढा सुटला, नाहीतर…

तर झालं होतं असं. कोणीतरी एका डेव्हलपरचा पासवर्ड वाटेत टिपला. तो वापरून साध्या खात्यातून आत शिरला, आणि साध्या खात्याचा रूट, म्हणजे मशीनचा सर्वेसर्वा, झाला तो कशाच्या जोरावर? ब्रेकच्या! म्हणजे गाडीचा नव्हे हो, बीआरके, प्रोसेसनं आपली मेमरी वाढवून मागायचा तो सिस्टिम कॉल. आतलं डू-ब्रेक पत्ता आणि लांबी ह्यांची बेरीज करायचं, पण ती बेरीज हद्दीबाहेर गेली का, हे बघायचंच नाही. 32 बिटांच्या त्या मशीनवर खालचे 3 जीबी प्रोसेसचे, वरचा एक कर्नलचा. ह्या पठ्ठ्यानं इतकं मागितलं की हद्द थेट कर्नलच्या जागेत गेली. आणि दिलं हो त्याला! कोणी विचारलंसुद्धा नाही.

आता ऐका, खरी गंमत पुढे आहे. कर्नलवाल्या अँड्र्यू मॉर्टनला ही चूक सप्टेंबरमध्येच सापडली होती. होय, दोन महिने आधी! दुरुस्ती काय, तर एक तपासणी. बेरीज हद्दीच्या वर गेली, किंवा बेरीज मूळ पत्त्यापेक्षाच लहान निघाली, तर नाही म्हण. बस. 2.6 च्या चाचणी-आवृत्तीत ती गेली, 2.4.23 च्या तयारीतही गेली, पण 2.4.22 आधीच लोकांच्या मशीनवर पोचलेलं. ही भगदाडाएवढी फट आहे, असा गाजावाजा कोणी केलाच नाही. चोराचा कुलूपबंद प्रोग्रॅम उघडला गेला आणि रेड हॅट आणि सुसेच्या मंडळींनी तो तपासला तेव्हा कुठे कळलं की आपण किरकोळ म्हणून दुरुस्त केलेलं हेच ते. सून म्हणते, "आई, चूक सापडणं वेगळं आणि तिची किंमत कळणं वेगळं." शहाणी आहे पोरगी, पण भाजीत मीठ… जाऊ दे.

तर काय सांगत होते… "एवढं कोण मागतंय". 2016 च्या जानेवारीत कर्नलच्या कीरिंगचं निघालं. एक किल्ली किती जण वापरतायत त्याची मोजणी 32 बिटांत. सव्वाचार अब्जांच्या वर मागणी झाली की मोजणी फिरून शून्य. शून्य म्हणजे कोणीच वापरत नाही, म्हणजे टाका काढून. वापरणारे बिचारे आत तसेच! सव्वाचार अब्ज वेळा कोण मागत बसलंय, असंच वाटलं असणार ना? पर्सेप्शन पॉइंटच्या लोकांनी साध्या आय-सेव्हनवर करून दाखवलं, अर्ध्या तासात. एवढ्यात आपला कुकरही थंड होत नाही.

आणि श्रीमंतांची तर वेगळीच तऱ्हा. 2018 मध्ये क्वालिसवाल्यांनी म्यूटाजेन अ‍ॅस्ट्रॉनॉमी नावाची फट शोधून काढली. प्रोग्रॅम सुरू होताना त्याला दिलेल्या शब्दांची मोजणी इंटमध्ये, ती फिरवायची तर मशीनमध्ये 32 जीबी हवेत. तुमच्या-माझ्याकडच्या जुन्या डब्यावर चोरानं डोकं आपटलं तरी व्हायचं नाही! पुढच्या वर्षी गूगलच्या यान हॉर्ननं मेमरीच्या पानांचीच मोजणी पकडली. तीही 32 बिटांची. प्रत्येक नोंद ठेवायलाही थोडी मेमरी लागतेच, म्हणून ती फिरवायला साधारण 140 जीबी लागत. कोणे एके काळी कोणी हसलं असतं. आता तसली मशीनं डेटा सेंटरमध्ये ओळीनं उभी आहेत. लिनस टोरवाल्ड्सनं स्वतः बसून दुरुस्ती लिहिली. मोजणी फार वर गेली की पान द्यायलाच नकार.

खरं शहाणपण सुचलं ते 2017 मध्ये. कर्नलमध्ये रिफकाउंट-टी नावाचा मोजणीचा टाइप आणला ना, तेव्हा. मोजणी वर जाऊन टेकली की तिथेच थांबते, फिरून शून्यावर येत नाही. मग ती मेमरी कधी परत मिळत नाही, वाया जाते. ह्यांना ते अजिबात आवडलं नाही, "म्हणजे बुडीत खातं!" म्हणून तावातावानं उठले. सून म्हणाली, "बाबा, बुडीत परवडलं, पण दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही परवडत." बँकवाले आमचे, परत बसले हो खाली. मुकाट्यानं ताक प्यायले. पानांच्या मोजणीला मात्र ते लावलेलं नव्हतं, म्हणून तर 2019 चं रामायण.

सुनेच्या ऑफिसात तर परवा कहर झाला. त्यांच्या कंटेनरला मेमरीची मर्यादा 9223372036854771712 बाइट दाखवत होती. साहेब घामाघूम, आता हेही ओव्हरफ्लो! तर तो ओव्हरफ्लो नव्हताच. कंटेनरच्या मर्यादा सांभाळणाऱ्या जुन्या सीग्रुपमध्ये मर्यादाच घातली नसली की तो आकडा येतो, साइन्डमध्ये मावेल तेवढा, पानाच्या मापात बसवून. साहेबांचा चेहरा म्हणे आधी पांढरा, मग लाल. आणि मीटिंगला बाकीचे सगळे कॅमेरा बंद करून हसत होते.

म्हणून म्हणते, लोकांची ऐपत काढू नये माणसानं. कोणाकडे काय असेल, कोण किती मागेल, आपण कोण ठरवणारे? बरं, ते जाऊ दे. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्यांनी नवं मशीन घेतलंय, ऐकलंत का? 128 जीबीचं! अहो, दोघंच तर राहतात, ई-मेल बघतात आणि भजनं लावतात. एवढं घेऊन करायचंय काय हो त्यांना?