नागोबाची बाजू

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपल्याकडे नेहमी हेटाळणीनेच वापरतात, आणि त्यात नागोबावर मोठा अन्याय होतो. वारूळ मुंग्यांनी बांधलं हे कोण नाकारतंय? पण नागपंचमीला बायाबापड्या दूध-लाह्या घेऊन येतात, त्या काही मुंग्यांसाठी नव्हे. सॉफ्टवेअरची अधिकृत मानकं ठरवणाऱ्या समित्यांना हे व्यवहारज्ञान उपजतच असतं. ओपन सोर्सवाल्यांनी रात्री जागून एखादी लायब्ररी उभी करायची, जगभरच्या प्रोग्रॅमरांनी ठेचा खात ती वापरून सुधारून घ्यायची, आणि सगळं सुरळीत चालू लागलं की समितीने वर विराजमान व्हायचं. कामाची इतकी स्वच्छ वाटणी झालेली असताना 'निदान मूळ प्रकल्पाचं नाव तरी घाला' असा हट्ट काही लोक का धरतात, कळत नाही.

जावा भाषेच्या राज्यात ही परंपरा विशेष बहरली. तिथे मानकं ठरवायला १९९८ पासून 'जावा कम्युनिटी प्रोसेस' आहे. नावातच कम्युनिटी आहे म्हटल्यावर कम्युनिटीचे आणखी वेगळे आभार कशाला मानायचे?

लॉगिंगचंच घ्या. प्रोग्रॅम चालताना काय घडलं याची नोंद ठेवणं, एवढंच ते काम. जेकी ग्युल्जू यांच्या लॉगफोरजे या प्रकल्पाने ते नीट करून दाखवलं होतं आणि लोक ते बिनतक्रार वापरत होते. मग जावा बनवणाऱ्या सन कंपनीने २००२ साली जावा १.४ मध्ये अधिकृत लॉगिंग आणलं. हे स्वीकारण्याआधी पुन्हा विचार करा, अशी ग्युल्जू जाहीर विनवणी करत राहिले. समितीने अर्थातच त्याहून पुढचा विचार केलेला होता. लॉगफोरजेमध्ये 'डीबग' नावाची पातळी होती. हा शब्द फार अशुभ. आपल्या कोडमध्ये बग आहे याची त्यात उघड कबुली. अधिकृत मानकात त्या जागी तीन पातळ्या आल्या: फाइन, फाइनर आणि फायनेस्ट. म्हणजे सर्व्हर रात्री अडीचला कोसळत असताना लॉगमध्ये सगळं उत्तरोत्तर छान होत चाललेलं दिसावं. शिवाय मूळ ठेवणीत प्रत्येक नोंद दोन ओळींत छापली जाई, त्यामुळे फाइलही भरगच्च वाटे. लोक मात्र करंटे. त्यांनी लॉगफोरजे सोडलं नाही, उलट दोन्हींच्या मध्ये पूल बांधायला आणखी लायब्रऱ्या लिहिल्या. २०१७ मध्ये जावा ९ ने लॉगिंगचा एक नवा इंटरफेस दिला, त्यात 'डीबग' पंधरा वर्षांच्या वनवासातून गुपचूप परतला. स्वागताला कोणी गेलं नाही, हे बरंच झालं.

पण या कलेचा खरा नमुना पाहायचा असेल तर बॅच प्रोसेसिंगकडे वळावं. बँकेत रात्री लाखो खात्यांवर व्याज चढवणं, महिनाअखेरीला पगार काढणं अशी ही कामं. त्यासाठी २००८ साली स्प्रिंग बॅच आलं. एका जॉबमध्ये अनेक स्टेप. एकेका स्टेपमध्ये आयटमरीडर नोंदी वाचणार, आयटमप्रोसेसर त्यांच्यावर काम करणार, आयटमरायटर त्या लिहून टाकणार, आणि हे सगळं ठरावीक आकाराच्या चंकमध्ये. २०१३ साली आयबीएमच्या नेतृत्वाखाली याच विषयाचं अधिकृत मानक झालं, जेएसआर ३५२. त्यातही जॉब, त्यातही स्टेप, त्यातही चंक. तोच आयटमरीडर, तोच आयटमप्रोसेसर, तोच आयटमरायटर. एवढ्यावरून कोणी नक्कल म्हणेल, तर त्याने जरा जवळ जाऊन पाहावं. स्प्रिंग बॅचच्या आयटमरीडरमध्ये 'रीड' नावाची मेथड होती. मानकात ती 'रीडआयटम' झाली. 'प्रोसेस'चं 'प्रोसेसआयटम' झालं आणि 'राइट'चं 'राइटआयटम्स'. आयटमरीडरने आयटमऐवजी चुकून पंचांग वाचायला घेतलं असतं, तो धोका कायमचा टळला. आणि हे काही लपूनछपून झालं नाही. स्प्रिंग बॅचचं माणूस समितीत होतं, म्हणजे जे झालं ते त्याच्यादेखत.

पुढचा अध्याय तर याहून गोड आहे. २०१४ मध्ये स्प्रिंग बॅचने आपल्या तिसऱ्या आवृत्तीत हे मानक पाळायला सुरुवात केली, म्हणजे स्वतःच्याच कल्पनांशी आपण सुसंगत असल्याची हमी दिली. २०२२ मध्ये पाचव्या आवृत्तीत तो भाग काढून टाकला. रीड अजून रीडच आहे.

डेटाबेसशी व्यवहार करणाऱ्या हायबरनेट या लायब्ररीची गोष्ट अशीच, म्हणून थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प पाहून २००६ साली जेपीए हे मानक आलं. आज मुलाखतीला गेलेली मुलं घडाघडा सांगतात की हायबरनेट हे जेपीएचं एक इम्प्लिमेंटेशन आहे. बाप मुलाच्या नावाने ओळखला जातो, याहून मोठं भाग्य कोणतं?

अपवाद आहेत, आणि ते वाईट पायंडा पाडतात. जावा ५ मध्ये आलेलं कॉन्करन्सीचं पॅकेज प्रामुख्याने डग ली यांच्या आधीच्या लायब्ररीवरून बेतलं गेलं. त्यातली कॉन्करंटहॅशमॅपची फाइल उघडलीत तर वरच्याच टिपणीत लिहिलेलं दिसेल की हे डग ली यांनी समितीतल्या सदस्यांच्या मदतीने लिहिलं आणि सार्वजनिक मालकीत सोडलं. एका वाक्यात काम संपलं. समितीची अब्रू गेल्याचं मात्र कुठे वाचनात नाही. दुसरं उदाहरण तारीख-वेळेच्या मानकाचं. तिथे तर आधीच्या जोडा-टाइम या लायब्ररीचे कर्ते स्टीफन कोलबर्न यांनाच नेतृत्वात घेतलं, आणि फायलींवर त्यांचं नावही राहू दिलं. परिणाम काय? २००७ मध्ये सुरू झालेलं काम जावा ८ मधून लोकांपर्यंत पोचायला २०१४ उजाडलं. श्रेय देत बसलं की असा उशीर होतो.

आणि ओपन सोर्सवाल्यांचं नाव कोणी घेतच नाही, हा आरोपही खोटा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेच्या दुसऱ्या पिढीत मोठं भगदाड सापडलं, तेव्हा जगातल्या प्रत्येक बातमीत प्रकल्पाचं नाव अचूक छापून आलं. हा प्रकल्प सांभाळणाऱ्या, स्वयंसेवकांवर चालणाऱ्या अपाची फाउंडेशनला जानेवारी २०२२ मध्ये थेट व्हाइट हाउसच्या बैठकीचं आमंत्रण आलं. दोषाला क्रमांकसुद्धा मिळाला, सीव्हीई-२०२१-४४२२८. इतकं काटेकोर श्रेय नोबेलवाल्यांनाही जमत नाही.

तेव्हा कोणत्याही समितीवर असलेल्या वाचकांना नम्र विनंती: मूळ प्रकल्पाच्या आभाराची ओळ लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तीन मेथडींची नावं सहज बदलून होतात. वेळ वाया घालवू नये.