होऊन जाते न भाऊ

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात संत्र्याइतकंच भरघोस येणारं आणखी एक पीक आहे: ‘घरीच करू’ म्हणणारे भाऊ. कोणी घरी कूलर करतो, कोणी इन्व्हर्टर. या जमातीतला अव्वल नमुना म्हणजे गिटारवाले भाऊ. गिटारवाले म्हणजे गिटार वाजवणारे, असा गैरसमज करून घेऊ नका. हे गिटारचे सुटे भाग बनवतात, आणि तेही अ‍ॅक्रिलिकचे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लाकडावर ओरखडे पडू नयेत म्हणून एक पातळ पत्रा बसवलेला असतो. त्याला पिकगार्ड म्हणतात. तो नागपूरहून आणावा, असं तुम्ही सुचवलंत तर भाऊ तुमच्याकडे दयेनं बघतात. “काहाले नागपूर? घरीच होऊन जाते न भाऊ!”

मालाची ददात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यातून वेगळे काढून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. गाव मिठाई वाटत होतं तेव्हा भाऊ उतरणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या मोजत होते. त्यांच्या पिकगार्डवर आजही, उजेडात धरला तर, ‘जिला छिंदवाड़ा’ उलट्या अक्षरांत वाचता येतं. घुंड्यांच्या बाजूला ‘सोमवार बंद’. पिकगार्ड साधारण अडीच मिलिमीटरचा असतो, पाटी होती पाचाची. “मजबूत राह्यते,” भाऊ म्हणतात. वाजवणाऱ्याची नखी त्यावर आपटते, हा वाजवणाऱ्याचा प्रश्न.

भाऊंचं ज्ञान मात्र खोटं नाही. सरळ रेघ कापायची तर ते करवतीला हात लावत नाहीत. स्टीलची पट्टी ठेवून कटरनं एकाच जागी पुन्हा पुन्हा रेघ ओढतात, ती रेघ टेबलाच्या काठावर आणतात, वरून दाब देतात, आणि कट्! शेजारच्या माळ्यावरची मांजर उडी मारते. पंचाईत होते ती गोलाईला. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि भाऊंची जिगसॉ धावते उन्हाळी बसगाडीच्या ड्रायव्हरच्या हाती असल्यागत. पातं पुढे जातं, मागचं वितळलेलं प्लास्टिक पुन्हा जुळून बसतं. अर्धा तास कापल्यावर भाऊ शीट उचलतात तर ती अखंड. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. भाऊ म्हणाले, “पाह्यलं? याची वेल्डिंग बी होते!” मग बारीक दाताचं पातं, कमी वेग आणि कापाच्या रेघेवर साबणाच्या पाण्याची धार. ती धार धरायला पुतण्या. पुतण्याची दहावी आहे, पण ती दरवर्षी कोणाची ना कोणाची असतेच.

भोकांचंही शास्त्र आहे. लोखंडासाठीचं धारदार ड्रिल अ‍ॅक्रिलिकला चावतं आणि कोपरा तडकवतं, म्हणून त्याची धार आधी थोडी मारायची. भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं ठेवायचं, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात प्लास्टिकही अंग सैल सोडतं.

मग घासाई. वॉटर पेपर २२० नंबरपासून सुरू होतो, ४००, ८०० करत दीड हजारावर पोचतो. शेवटचा हात टूथपेस्टचा, त्यामुळे घरात दात घासायला मिठाशिवाय काही उरत नाही. कोरड्यानं घासलं की पांढरी भुकटी उडते. वहिनी ओरडतात, “अवो, पापडावर हे काय पडून राह्यलं?” “काई नाई व, गिटार होय!”

खरा दिग्विजय कडेच्या चकाकीचा. त्यासाठी भाऊ सोनाराकडे जातात आणि बर्नरची ज्योत कडेवरून भरभर फिरवून घेतात. कड काचेसारखी होते. तिथेच थांबावं की नाही? पण भाऊ हौसेनं थिनरचा बोळा फिरवतात. तापलेल्या कडेत ताण अडकलेला असतो. थिनर लागताच तिथे केसासारख्या बारीक भेगांचं जाळं उमटतं. “डिझाइन हाय,” भाऊ सांगतात.

सौंसरला त्यांचे एक प्रतिस्पर्धी आहेत. ते बोरगावच्या कारखान्यात नोकरीला, म्हणून त्यांना बफिंगचं, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणण्याचं, महत्त्व अधिक. रात्री दोघांची फोनवर ‘ज्योत की बफ’ यावर खडाजंगी होते. एकमत एकाच बाबतीत: १९६९ साली अँपेगनं डॅन आर्मस्ट्राँगच्या आराखड्यावर आख्खी पारदर्शक गिटार काढली आणि रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं ती अमेरिकेच्या दौऱ्यात वाजवली. भाऊंनाही तशी आख्खी गिटार करायची आहे. अ‍ॅक्रिलिक सागवानापेक्षा जवळजवळ दुप्पट जड, ही अडचण त्यांना ठाऊक आहे. “बसून वाजवू न मंग!”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन काठांवरून दगडफेक, होते. पांढुर्णा आणि सावरगावचे लोक नदीतल्या पळसाच्या झेंड्याकडे बघत असतात, भाऊ पोलिसांच्या ढालींकडे. “हे अ‍ॅक्रिलिक नोय, पॉलिकार्बोनेट होय. अ‍ॅक्रिलिक काचेहून दणकट, पण फुटते; हे फुटत नाई.” एका शिपायाला त्यांनी जुनी ढाल विकणार का म्हणून विचारलंही. शिपायानं ती जरा मागे घेतली.

गिटार भिंतीवर लटकते. पिकगार्ड घरचा, घुंड्या घरच्या, मानेवरचं झाकण घरचं. फक्त तारा अजून लागलेल्या नाहीत. तारा अ‍ॅक्रिलिकच्या होत नाहीत, त्या विकत आणाव्या लागतात.